साडूंचा स्वतंत्र अर्ज

आमच्या साडूंइतका कोल्हापूरला चिकटलेला माणूस खुद्द कोल्हापुरातही दुसरा सापडला नसता, आणि परदेशी कायमचं कसं जायचं यावर त्यांच्याइतका बोलणारा माणूसही सगळ्या जिल्ह्यात नव्हता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. धंदा लग्नाच्या मांडवाचा. आवाज असा, की मांडवाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या गड्याला दोर आवळायला सांगितलं की पलीकडच्या गल्लीतला माणूसही आपल्या दारातली कपड्याची दोरी आवळून बघायचा. ओळखीचा असो, अनोळखी असो, सगळ्यांना ‘पावणं’. पण गावाबाहेर पडायचं म्हटलं की या गृहस्थांचा चेहरा उतरे. नृसिंहवाडीला सगळं कुटुंब मिळून दर्शनाला गेलो, तरी प्रसादाचं ताट पुढे येईपर्यंत त्यांची चुळबूळ सुरू होई. “चला की आता. घरला कोन हाय बघायला?” घरचे सगळे तर तिथेच पंगतीत बसलेले. एकदा लग्नासाठी पुण्याला मुक्काम करावा लागला, तेव्हा त्यांनी घरच्या पाण्याचा कॅन बरोबर घेतला होता आणि जेवायला बसताना यजमानांना विचारलं होतं, “कोल्हापूर कंच्या बाजूला आलं?” बाजू कळल्यावर पाट तिकडे फिरवून मगच ते जेवले.

अशा माणसाच्या घरात परदेश शिरला तो त्यांच्या बायकोमुळे. माझी मेहुणी एका खासगी दवाखान्यात नर्स. कामातही वाघीण आणि हट्टातही. ड्युटी संपवून ती जर्मन भाषेच्या क्लासला जायची, हे आम्हांला माहीत होतं, पण हौस म्हणून जात असेल असं वाटायचं. एका रविवारी आमच्याकडे सगळे जेवायला असताना तिने शांतपणे सांगितलं, की जर्मनीतल्या एका हॉस्पिटलने तिला निवडलं आहे. आधी ती एकटी जाणार, तिथे घर मिळालं, पगार सुरू झाला, की नवऱ्याला आणि मुलीला कुटुंब म्हणून बोलावून घेता येतं.

साडूंनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. “म्हंजे तू फुडं आनि मी मागनं?”

“मागनं म्हणजे काय, कुटुंबाचा व्हिसा असतो तो,” मेहुणी म्हणाली.

“व्हय, पर कागदावर मला काय म्हनत्यात?”

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “डिपेंडंट. मराठीत अवलंबित म्हणतात.”

साडूंनी तो शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिला असावा. मग ते उठले आणि हात धुऊन आले. ताटात पांढरा रस्सा तसाच राहिला होता. कोल्हापूरच्या माणसाने रस्सा टाकणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. जायचंच असेल तर आपण आपल्या जोरावर जायचं, स्वतःच्या अर्जावर, हे त्यांनी ठरवून टाकलं. मोबाइल घेऊन ते माझ्याकडे येत आणि मी इंग्रजी वाचून अर्थ सांगे. लग्नाच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे प्रत्येक देश त्यांना स्थळासारखा दिसे. “कॅनडा चांगलं घर हाय, पर वय आडवं आलं. तरण्या पोरांस्नी गुन जास्त देत्यात.” “आस्ट्रेलियाला आपला धंदाच यादीत न्हाय. मांडववाला म्हनून कुटं टिकच करता येईना.” “दुबईचं रोख काम हाय, पर कायमचं नांदवत न्हाईत.” एकदा त्यांनी बंगळूरच्या कुठल्याशा सल्लागार कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी इंग्रजीतून शिक्षण विचारतेय आणि हे सांगतायत, “पावणं, शिक्षान सोडा, वाऱ्यात मांडव हुबा करून दावतो.” मी फोन घेऊन, ‘कार्यक्रमांचं आयोजन करतात’ असं इंग्रजीत सांगितलं. त्यावर तिने पदवी विचारली. साडू बारावीला बसले होते, एवढंच खरं होतं.

मेहुणीच्या जर्मनची ते चेष्टाही करत. ती आरशासमोर स्वतःचं नाव सांगायचा सराव करायची, ‘इश हाइसं’, तर हे पडवीतून ओरडत, “तू हाईस ते ठावं हाय मला, फुडचं बोल.” नकाराला तिथे ‘नाइन’ म्हणतात हे कळल्यावर ते माझ्याकडे मुद्दाम सांगायला आले, “न्हाय म्हनायला नाइन. आपलीच भाषा पळवून न्हेलीया की त्यांनी.” आम्ही हसलो. मेहुणीही हसली. पण तिने अर्ज भरला, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आली, पासपोर्ट वकिलातीने ठेवून घेतला, आणि त्या दिवसापासून त्या घरातलं हसणं आटलं. फोन वाजला की ती हातातलं भांडं खाली ठेवून धावायची. मुलगी आठवीत होती, ती शाळेतून आली की आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायची. साडूंचं बोलणंही कमी झालं. मांडवाच्या कामावर ते गड्यांना हाताने खुणा करू लागले, असं त्यांच्याच एका गड्याने मला सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

मग ते दोन-तीनदा इचलकरंजीला जाऊन आले. कापड बघायला, म्हणाले. एका दुपारी माझी शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी उभे दिसले. मला झाडाखाली नेऊन त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर त्यांचं नाव, खाली यंत्रदुरुस्तीचा डिप्लोमा, आणि जोडीला एका यंत्रमाग कारखान्याचं अनुभवाचं पत्र. आमच्या साडूंनी मागाला कधी हात लावला नव्हता. लांबून मागाचा आवाज आला तरी ते कपाळाला आठ्या घालत.

“हे कुणी दिलं?”

“हाय एक एजंट. जर्मनीला जाऊन नोकरी हुडकायचा येक येगळा व्हिसा असतोय. त्याला असला कागूद लागतोय. अर्ज भरून झालाय, मुंबईची तारीखबी घेतलीया. तुमी फकस्त संगट चला. मला येकट्याला तिकडं जमायचं न्हाय.”

“साडू, हे खोटं आहे.”

“काम येतंय त्याचा कागूद न्हाय, आनि कागूद हाय ते काम येत न्हाय. कुनाला काय फरक पडतोय?”

“आणि तिला माहीत आहे?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “आक्कालाबी सांगू नगा.” आक्का म्हणजे माझी बायको. मग म्हणाले, “तुमास्नी न्हाय कळायचं. उद्या माझी पोरगी तिथल्या शाळत जाईल. बाप काय करतोय म्हनून मास्तरीन इचारंल. काय सांगल ती? आईचा अवलंबित हाय?”

घरी गेल्यावर बायकोला सांगावं, असं दहादा मनात आलं. पण सांगितलं तर ते एकटे जातील, हट्टाने जातील, आणि मग अडवायला कोणीच नसेल. वाटेत समजूत घालता येईल, अशा आशेवर मी रजा टाकली.

मुंबईच्या वाटेवर मी सगळं सांगून पाहिलं. पकडले गेलात तर बंदी येते. एकदा खोटं ठरलं की पुढे कुठलाही देश दारात उभं करत नाही. साडू खिडकीतून उसाची शेतं बघत होते. कऱ्हाडच्या पुढे गेल्यावर एवढंच म्हणाले, “लांब आलो न्हवं?”

व्हिसा केंद्रातला हॉल थंडगार होता आणि तिथे कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. पाटीवर एकेक नंबर उजळायचा, एकेक माणूस उठायचा. साडूंनी फाइल पोटाशी धरली होती. त्यांची बाही धरून मी शेवटचं म्हणालो, “अजून उठून जाता येईल.” त्यांनी बाही सोडवून घेतली. नंबर लागला तेव्हा मीही मागोमाग गेलो. रखवालदाराने अडवलं, तर साडू म्हणाले, “असू दे पावणं, मला इंग्रजी येत न्हाय.”

काचेपलीकडे एक मराठी मुलगी होती. तिने पासपोर्ट घेतला, अर्ज चाळला, एका पानावर बोट ठेवलं. “इथे पत्नीचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर राहिलाय.”

“तिचं कशाला?” साडू म्हणाले. “ह्यो माझा सवताचा अर्ज हाय.”

“हो, पण कुटुंबाची माहिती द्यावीच लागते. त्यांनी कधी अर्ज केलाय का?”

साडूंचा आवाज एकदम बसला. “केलाय. निकाल यायचाय.”

“मग तेही लिहा. वकिलातीत सगळं एकत्र ताडून बघतात. आणि खाली सही करा, माहिती खरी असल्याची. मूळ सर्टिफिकेटं द्या इकडे.”

तिने काचेखालच्या फटीतून हात पुढे केला. साडूंनी फाइल उघडली. त्यांचं बोट त्या डिप्लोमाच्या कोपऱ्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. मुलगी म्हणाली, “काका, मागे लोक आहेत.”

“बाई,” ते अगदी हळू म्हणाले, “ह्यात काय वाकडं निगालं तर तिच्या अर्जाला डाग लागंल?”

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग फाइलकडे. “मी सांगू शकत नाही, काका. पण एकदा इथून आत गेलं की मला परत काढून देता येणार नाही.”

साडूंनी फाइल मिटली. पासपोर्ट मागून घेतला, वरच्या खिशात घातला. “ऱ्हाऊ दे मग. न्हाय द्यायचा अर्ज.” मागच्या माणसाला वाट करून देत ते बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसले. पुष्कळ वेळ बसले. माणसं त्यांच्या पायांना अडखळून जात होती. मी चहा आणून दिला. तो संपवून ते म्हणाले, “बारा वर्सं रातपाळ्या केल्यात हो तिनं.”

घरी आल्यावर त्यांनीच बायकोला सगळं सांगितलं, आम्हां नवरा-बायकोला समोर बसवून. मेहुणी शेवटपर्यंत ऐकत होती. माझ्या बायकोने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की तिचं ते पाहणं मला महिनाभर पुरलं. मेहुणीने विचारलं, “कागद कुठाय?” साडूंनी दिला. ती स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला, कागद जाळला आणि त्याच गॅसवर चहा ठेवला. आतूनच म्हणाली, “तिकडं मला कोण हाय? मी काय तुम्हांला ओझं म्हणून न्यायलेय काय?” तिचं बोलणं एरवी नीटस शहरी, पण त्या वेळी गावची बोली तोंडात आली होती. कप घेऊन बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. “माझा व्हिसा येऊ दे, न येऊ दे. उद्यापासून संध्याकाळी तुम्ही क्लासला जायचं. मागनं येणाऱ्यालाही थोडी भाषा लागते, परीक्षा असते.”

तिचा व्हिसा आला. ती गेली. निरोप देताना साडू विमानतळावर आले नाहीत, कोल्हापूरच्या स्टँडवरच हात हलवून वळले, आणि तिथून सरळ क्लासला गेले. वर्गात सगळ्या विशीतल्या नर्स मुली, त्यांच्यात हे पहिल्या बाकावर. मुली त्यांना मामा म्हणू लागल्या. पहिल्या परीक्षेत ऐकण्याच्या भागात ते नापास झाले. बाईंनी कारण सांगितलं, की प्रश्न चालू असतानाच मामा उत्तर द्यायला लागतात. दुसऱ्या खेपेला दात आवळून गप्प बसले आणि काठावर पास झाले. मांडवाचं सामान त्यांनी जुन्या गड्याच्या हवाली केलं. अर्जावर नात्याच्या रकान्यात ‘पती’ असं मी इंग्रजीत भरत होतो, तेव्हा शेजारी बसून ते लक्ष देऊन बघत होते.

आता बाप-लेक तिकडे गेल्याला बराच काळ झाला. साडू एका गोदामात कामाला लागले आहेत. त्यांच्या व्हिसावर काम करायची मोकळीक आहे, हे ते प्रत्येक वेळी सांगतात. परवा फोन आला तेव्हा कायमच्या वास्तव्याचे नियम समजावून देत होते. मेहुणीला तो परवाना आधी मिळेल, त्यांना अजून भाषेची वरची परीक्षा द्यावी लागेल. मी म्हणालो, “म्हणजे आता तुम्ही तिकडचेच.”

“तसं न्हाय, साडू. कायमचं ऱ्हायला मिळालं की मगच निवांत गावाकडं येता येतंय. तरीबी लई दिस भाईर ऱ्हायलं तर परवाना जातोय म्हनं.” मागे कुठेतरी चर्चची घंटा वाजत होती. ती थांबेपर्यंत ते थांबले.

मी त्यांना सांगितलं, की घराला भाडेकरू मिळाला आहे, बँकेतलं जोडपं आहे, माणसं चांगली आहेत. किल्ली आमच्याकडेच असते आणि भाडेकरू बघायला त्यांनीच मला सांगितलं होतं.

साडूंनी भाडं किती ते विचारलं, मी सांगितलं.

“एवढ्यात नगो,” साडू म्हणाले. “असू दे तसंच.”