लवंगांचं कपाट

काकांचं नाक हे आमच्या घरातलं एकमेव कमावतं नाक. वाइनच्या दुकानात नवा माल चाखायचा आणि गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा, हे त्यांचं काम. त्या नाकाचा तोरा असा की दूध लागायच्या आधीच बाहेरच्या खोलीतून हाक यायची. काकू म्हणायची, घरी येताना ते नाक दुकानातच ठेवून येत जा.

मग काकांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. साबण काय नि नासलेलं दूध काय, सगळं सारखंच. हे फक्त काकूला आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या मला, पुतणीला, ठाऊक होतं. मालकांना कळलं असतं तर काम हातचं गेलं असतं, आणि काकांना दुसरं काही करण्यात रस नव्हता.

तोडगा काकूने काढला. काका नव्या बाटलीतली थोडी वाइन घरी आणायचे. थेंबही न पिणारी माझी काकू पेल्यात नाक खुपसायची आणि सांगायची, "तळाला लागलेला जॅम" किंवा "जुनी चामड्याची बॅग." दुकानात काका तेच जरा इस्त्री करून सांगायचे. बरेच दिवस निभावलं.

मग सिसिलीची वाइन आली. इटलीतल्या त्या बेटावरची ही गडद लाल बाटली मालक खास गिऱ्हाइकांसमोर उघडणार होते. आदल्या संध्याकाळी काकूने मान म्हणून कपाटातले ठेवणीतले पेले काढले. काकांनी घोट घेतला. जीभ शाबूत होती. "भारदस्त आहे," ते म्हणाले. "पाहुणी म्हणून आली आणि जिभेवर ठाणच मांडून बसली." काकूने हुंगून सांगितलं, काळी चेरी, आलुबुखार आणि लवंग. लवंग तर भरपूर.

दुसऱ्या दिवशी दुकानात काका लवंगेवर जे रंगले ते रंगलेच. गिऱ्हाइकांना चेरी सापडली, आलुबुखार सापडलं, लवंग काही केल्या सापडेना. मालकांनी स्वतः हुंगून पाहिलं आणि काकांकडे बघत राहिले. सगळे गेल्यावर काकांनी खरं काय ते सांगून टाकलं.

लवंग सापडली आमच्या कपाटात. कीड लागू नये म्हणून काकूने आत पुरचुंडी ठेवली होती. कपाटाचा वास काचेला लागतो, हा काकांच्या धंद्यातला पहिला धडा. तो काकूला द्यायचा राहिला, कारण एरवी त्यांच्या नाकानेच पेला परत पाठवला असता.

मालक भला माणूस. त्यांनी काकांना काढून टाकलं नाही, मागच्या कोठीत बाटल्या लावायला ठेवलं. काकांचं बोलणं मात्र आटलं. जेवताना मान खाली. मला त्यांच्याकडे बघवत नसे. काकू स्वतःलाच बोल लावायची आणि त्या कपाटाकडे फिरकतही नसे.

एका सकाळी पाहुणे येणार होते, म्हणून काकांनीच कप काढायला कपाट उघडलं. ते तसेच कपाटाच्या दाराशी उभे राहिले.

"अगं, ही पुरचुंडी काढ इथून. काचेला वास लागतो."

"माहीत आहे मला," काकू कणीक मळता मळता फणकारली, "आता रोज तेच..."

तिचा हात परातीतच थांबला. काका कपाटात डोकं घालून हुंगत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. पिठाच्या हातांनीच काकू त्यांच्याजवळ गेली.

"परत सांगा," ती म्हणाली. "कसला वास लागतो?"