आधी दुर्बीण, मग रायफल

शुभदाचा फोन आला तेव्हा मी तोक्योत फुनाबोरी स्टेशनसमोरच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात, पैसे देण्याच्या रांगेत उभा होतो. "मिलिंद गेला रे. पहाटे," ती म्हणाली. मग, "तू ये. पण येण्याआधी एक काम कर. रायफल घरात आहे आणि परवाना त्याच्या नावावर होता. आता पोलिसांना काय आणि कसं सांगायचं असतं, ते विचारून ठेव..." त्या सकाळी योकोहामातल्या त्यांच्या घरी अंत्यविधीवाले आणि पोलीस थोड्याच अंतराने आले. दोघांनीही दारात बूट काढले, दोघांनीही वाकून नमस्कार केला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले आहेत.

मिलिंद करमरकर मूळचा सांगलीचा, आणि त्याच्या घरात अंडंही शिजत नसे. योकोहामात तो कॅमेऱ्यांची भिंगं बनवणाऱ्या कंपनीत होता. झूम लेन्सची रचना हे त्याचं काम. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. बायकोच्या बँकेने तिला इकडे पाठवलं, म्हणून आलो. ओळख झाली ती मराठी मंडळाच्या गणपतीत, खुर्च्या उचलताना. भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाची अणुभट्टी फुटली, त्या वसंतात आमच्या ओळखीतली बहुतेक कुटुंबं मिळेल त्या विमानाने भारतात गेली. मिलिंद आणि त्याची बायको शुभदा राहिली. त्या उन्हाळ्यात मिलिंद कंपनीतल्या स्वयंसेवकांबरोबर फुकुशिमाकडे घरांतला चिखल काढायला गेला, आणि तिथे त्याला कान्नो-सान भेटले. पुढे मीही त्याच्याबरोबर जाऊ लागलो.

कान्नो-सान तेव्हाच सत्तरीत होते. त्यांचं गाव डोंगरात, अणुभट्टीपासून बरंच आत, तरी रिकामं करावं लागलेलं. माणसं गेली आणि रानडुकरं आली. आधी शेतात, मग अंगणात, मग घरात. एका घरात तातामीच्या चटयांवर डुकरिणीने पिलं घातलेली मी स्वतः पाहिली आहेत. गावच्या शिकारी गटातले चार-पाच म्हातारे नगरपालिकेच्या परवानगीने त्यांना मारत. पूर्वी हाका झाला की मांस सगळ्यांत सारखं वाटलं जाई. हाकारे असोत, कुत्री सांभाळणारा असो, ज्याची गोळी लागली तो असो, वाटा एकच. आता किरणोत्सर्गामुळे ते मांस खायला बंदी होती. जेसीबीने खणलेल्या खड्ड्यात डुकरं पुरत. कान्नो-सान मात्र वाट्यासाठी घडी केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पूर्वीसारख्याच बरोबर आणत आणि तशाच घडी केलेल्या परत नेत.

गटात रायफल एकट्या कान्नो-सानांकडे होती. बाकीच्यांकडे साध्या बंदुका, त्यांचा पल्ला कमी. दरीच्या पलीकडच्या उतारावरून डुक्कर निघालं की नुसतं बघत बसायचं. जपानच्या कायद्यात शिकारीच्या रायफलीआधी दहा वर्षं साधी बंदूक सांभाळावी लागते. "आज जो सुरुवात करेल तो मी मेल्यावर उपयोगाला येईल," कान्नो-सान एकदा चहा पिताना म्हणाले, "आणि सुरुवात करणारं कोणी नाही." मिलिंदने परत येताना ट्रेनमध्ये मला सांगितलं की तो अर्ज करणार आहे. मला ती थट्टा वाटली. ती नव्हती. परीक्षा झाली, डॉक्टरचा दाखला झाला, पोलीस घरी येऊन भिंतीला ठोकलेलं कपाट हलवून बघून गेले. त्यांनी शुभदाला वेगळं बसवून विचारलं, "पती भांडतात का?" "भांडतात," ती म्हणाली. "कशावरून?" "कचरा वेगळा करण्यावरून. बाटलीचं झाकण कुठल्या पिशवीत, यावरून." अधिकारी हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

दहा वर्षं तो थंडीतल्या शनिवार-रविवारी तिकडे जात राहिला. तोवर गावाचा काही भाग दिवसापुरता खुला झाला होता. म्हातारी माणसं येत, कबरी पुसत, गवत काढत आणि अंधार पडायच्या आत निघून जात. डुकरं असेपर्यंत कोणी मुक्कामाला परतणार नव्हतं. कान्नो-सानांची नजर अधू झाली तशी त्यांनी आपली रायफल आपणहून परत केली आणि ते वॉकीटॉकी घेऊन टेकडीवर बसू लागले. मिलिंदची दहा वर्षं भरायची गट वाट बघत होता. ती भरली. परवाना हातात आला, आणि त्याच शरद ऋतूत त्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. याचा फुकुशिमाशी संबंध आहे का, असं मला अनेकांनी विचारलं. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, मिलिंदही म्हणाला नाही. मीही म्हणणार नाही.

केमोथेरपीने त्याचे दंड वाळले. रायफल त्याने शक्य तितकी हलकी घेतली होती. प्रश्न उरला वरच्या स्कोपचा, म्हणजे नेम धरायला रायफलीवर बसवतात त्या भिंगाचा. एक हिवाळा मिळेल, एवढं त्याला कळलं होतं. त्या हिवाळ्यात ती रायफल चढावर न्यायची आणि खांद्याला लावायची, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी तो ग्रॅम ग्रॅम कमी करत होता. जेवायच्या टेबलावर शुभदाचा स्वयंपाकाचा वजनकाटा असे. त्यावर स्कोप, स्कोप धरून ठेवणारी कडी, स्क्रूसुद्धा.

"त्या काट्यावर मला रवा मोजायचाय. तुझं लोखंड उचल आधी."

"लोखंड नाही, अॅल्युमिनियम आहे."

"मग अॅल्युमिनियमचा शिरा करू का?"

मोठ्या तोंडाचे स्कोप त्याने पहिल्याच दिवशी बाजूला केले. संधिप्रकाशात ते छान दिसतात, पण वजन फार, आणि सूर्य उगवायच्या आत गोळी झाडायला इथे मनाईच आहे. मग त्याला एक बारीकसा झूम स्कोप सापडला. कमीत कमीला समोरचा अख्खा उतार दिसे, जास्तीत जास्तला पलीकडच्या झाडाची साल. तो खूश झाला. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं, एका नळीत दोन-तीन नळ्यांचं काम बसवणं. "हा असला की गळ्यातली दुर्बीण लागतच नाही," तो मला म्हणाला. "दुर्बीण या सगळ्यापेक्षा जड आहे. तीच घरी ठेवायची. शोधायचं यातूनच, नेम यातूनच." हिशोब बरोबर होता. मलाही त्यात काही खोट दिसली नाही.

नोव्हेंबरात आम्ही कान्नो-सानांच्या घरी गेलो. घर म्हणजे शेजारच्या शहरातली सरकारी खोली. मिलिंदने स्कोप त्यांच्या हातात दिला, वजन सांगितलं आणि दुर्बिणीचं सांगितलं. त्यांनी तो डोळ्याला लावला नाही. पुसला आणि टेबलावर ठेवला.

"मिरिंदो-सान," मिलिंदचं नाव ते असंच घेत, "झुडूप हललं. काय करणार?"

"यातून बघेन."

"तेव्हा रायफलीच्या नळीचं तोंड कुठे असेल?"

कान्नो-सानच पुढे म्हणाले,

"झुडपात माझी बहीण असते. तपकिरी कोट घालून आमच्या आईची कबर पुसायला येते, वाकून. तुम्ही ती माणूस आहे की डुक्कर, हे तिच्यावर रायफल रोखून ठरवणार?" आवाज चढलेला नव्हता. "आधी दुर्बीण. मग रायफल. हलकं व्हायचं असेल तर दुसरं काही टाका. दुर्बिणीशिवाय मी तुम्हाला वर नेणार नाही. दहा वर्षं झाली तरी नाही."

परतीच्या ट्रेनमध्ये, कोरियामा स्टेशन गेल्यावर, मिलिंद म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मी वजन मोजत होतो, रे. बाकी काही मोजलंच नाही."

शेवटी त्याने जो स्कोप घेतला त्यात झूम नव्हता. चार पट, कायमचं. फिरवायचं कडं नाही, आतली सरकती भिंगं नाहीत, म्हणून वजन निम्म्यावर. पुन्हा, हलकी रायफल जोरात मागे येते आणि स्कोपची कड भुवई फोडते. यात डोळा चार बोटं लांब ठेवूनही चित्र पूर्ण दिसत होतं. झूम लेन्सवर नोकरी केलेल्या माणसाने हे निवडलं म्हणून कंपनीतले मित्र त्याला चिडवत होते. "निवृत्त झालो," तो म्हणायचा. जे वजन वाचलं ते त्याने दुर्बिणीला दिलं आणि तिचा पट्टा आखूड करून घेतला, म्हणजे वाकताना छातीवर आपटू नये.

जानेवारीत तो वर गेला. एकदाच. मी त्याच्या मागे दगडावर बसलो होतो. माझ्या हातात त्याचं पाणी आणि गोळ्या, औषधाच्या. खालून कुत्र्यांचा आवाज आला. पलीकडच्या उतारावर गवत हललं. मिलिंदने दुर्बीण लावली आणि लावूनच ठेवली. मग हळू म्हणाला, "डुकरीण. मोठी. मागे कोणी नाही." दुर्बीण खाली सोडली, रायफल उचलली. ती छातीपर्यंत आली. तिथून वर जाईना. त्याने ती खाली घेतली, पुन्हा उचलली, पुन्हा तिथपर्यंतच. डुकरीण उतार ओलांडून गेली. वॉकीटॉकीवर कान्नो-सान म्हणाले, "गेली?"

"गेली," मिलिंद म्हणाला. "माफ करा."

पलीकडून खरखर. मग, "नीट बघितलीत ना? पुरे."

उतरताना मी त्याला विचारलं, रायफल उचलली गेली नाही, की ऐन वेळी मारावंसं वाटलं नाही? तो दम खात उभा राहिला. "तू अजून पेपरातच आहेस. उचलली गेली नाही. उद्या लिहिशील, करमरकरांना दया आली. तसलं काही लिहू नकोस." म्हणून जे झालं ते लिहिलं आहे. त्या रायफलीतून डोंगरावर एकही गोळी सुटली नाही. मार्च संपायच्या आत तो गेला. गटात आता रायफल कोणाकडेच नाही.

बंदुकांच्या दुकानदाराने कागदपत्रं करून रायफल ताब्यात घेतली. नेण्याआधी त्याने पेचकसाने वरचा स्कोप सोडवला आणि शुभदाच्या पुढ्यात ठेवला. याला परवाना लागत नाही, हे तुमचंच. पोलिसांनी रिकामं कपाट उघडून बघितलं आणि ते गेले.

परवा मी गेलो तेव्हा स्कोप टेबलावरच होता, काट्याच्या शेजारी, दोन्ही टोपणं लावून. शुभदा म्हणाली, "एकदा लावून बघितला रे, गॅलरीतून. स्टेशन अगदी स्वच्छ दिसतं. पण प्लॅटफॉर्मवरची माणसं दिसायला लागली... मग ठेवून दिला."

ती चहा टाकायला आत गेली. मी तो हातात घेतला. खरोखरच काही वजन नव्हतं. टोपणं न काढता जागेवर ठेवला. दारामागच्या खुंटीवर दुर्बीण टांगलेली होती. ती घेऊन मी गॅलरीत गेलो. पट्टा त्याच्या मापाचा होता, माझ्या डोक्यातून जाईना. हातातच धरून डोळ्याला लावली.