मॅच गोळी, साधी गोळी आणि सुभेदार चाचा

सुभेदार चाचा टार्गेटकडे आधी कधीच बघत नसत. गोळी सुटली की ते आमच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "कुठं गेली?" दुर्बिणीला डोळा लावण्याआधी सांगायचं: नऊ, उजवीकडे, जरा खाली. सांगितलेलं आणि लागलेलं जुळलं, तर आठावर लागलेली गोळीसुद्धा त्यांना चालायची. न सांगता लागलेल्या दहाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं.

चाचा मूळचे लोहाऱ्याचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि धाराशिवात येऊन त्यांनी रायफल क्लबची रेंज उभी केली. गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. पन्नास मीटरवर मातीचा बांध, अलीकडे पत्र्याची शेड. मी भूमहून एसटीनं यायचे. घरच्यांना वाटायचं, पोरगी पोलीस भरतीची तयारी करतेय. चाचांना मात्र आमच्यातून नेमबाज काढायचे होते.

सरावाला आम्हाला साधी गोळी मिळे. पॉइंट टू-टूची, मोठ्या खोक्यात सुटी भरून येणारी. स्वस्त, पण एकीत दारू कणभर जास्त, दुसरीत कणभर कमी. आपण सगळं नीट करूनही एखादी भलतीकडेच जायची. मॅच गोळी वेगळी. छोट्या डबीत नीट रचलेली, एकीसारखी दुसरी, प्रत्येक जवळपास सारख्याच वेगानं जाणारी. ती महाग, म्हणून स्पर्धेपुरतीच. आम्ही कुरकुरलो की चाचा म्हणायचे, "आधी साध्या गोळीवर शिका. कोणती चूक गोळीची आन् कोणती आपली, हे ज्याला कळलं त्यालाच मॅच गोळी द्यावी. बाकीच्यांच्या हातात ती फुकट जाती."

एका वर्षी राज्य स्पर्धेच्या तोंडावर मॅच गोळी आली ती जेमतेम एकीला पुरेल एवढीच. जाणार होतो दोघी: मी आणि रेश्मा. रेश्मा ही चाचांच्या मुलीची मुलगी, त्यांना नाना म्हणायची, आणि माझ्यापेक्षा सरस. क्लबातले एक काका हसत म्हणाले, "चाचा, हा तर घरचाच मामला झाला."

चाचा हसले नाहीत. "बंदुकीला इचारू," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी बाकावर वाळूच्या पिशव्या रचल्या, त्यावर रायफल टेकवली आणि सगळ्यांसमोर स्वतः गोळ्या झाडल्या. आधी रेश्माच्या रायफलीतून, मग माझ्या. दोन्हींतून साधी आणि मॅच. रेश्माची रायफल जुनी, नळी झिजलेली. तिला दोन्ही गोळ्या सारख्याच. छिद्रांचा घोळका रुपयाच्या नाण्याएवढा. माझ्या रायफलीनं साध्या गोळीला तेवढाच घोळका दिला, पण मॅच गोळीला तो शर्टाच्या बटणाएवढा झाला.

चाचांनी कागद शेडच्या खांबाला टाचले. "उज्ज्वलाच्या रायफलीला ही गोळी मानवती. रेश्माच्या न्हाय. मग तिथं वाया कशाला घालवायची?" डब्या माझ्या हातात आल्या. रेश्मानं कागद जवळून बघितले, "बरोबर हाय, नाना," म्हणाली आणि आपली रायफल पुसायला बसली.

तिथून स्पर्धेपर्यंत चाचा रोज शेडमध्ये चष्मा लावून गोळ्या निवडत बसलेले असत. काचेवर घरंगळवून वाकडी बाजूला काढायची, शिसं चेपलेली टाकायची, मागच्या कडेची जाडी मोजायची. मोठ्या खोक्यांतून त्यांनी रेश्मासाठी एक छोटा डबा भरला. "चांगली गोळी तुला देता येत न्हाय, बेटा," ते तिला म्हणाले, "पर साधीतली चांगली निवडून देता येती."

पुण्याच्या रेंजवर मी राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरले. रेश्मा अगदी थोडक्यात राहिली. तिची एक गोळी सरळ साताला गेली होती. ती नीट गेली असती तर रेश्माही आत होती. तेवढं आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ती चटईवरून उठली तेव्हा चाचांनी गुण विचारले नाहीत. त्यांनी नेहमीचंच विचारलं, "कुठं गेल्या?"

"दोन माझ्या चुकीनं गेल्या, नाना," ती म्हणाली. "साताची ती चूक गोळीची होती."

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरून आले ते त्यांचेच. माझ्या निकालाचा कागद माझ्या हातात होता, पण त्या क्षणी मला सगळ्यात मोठा अभिमान वाटला तो या दोघांच्या शेजारी उभं असल्याचा.

पुढच्या वर्षी क्लबाला नवी रायफल मिळाली आणि राष्ट्रीय स्पर्धेत रेश्मा माझ्या पुढे निघून गेली. आता रेंज तीच चालवते. मी पोलिसांच्या संघात आहे, सुट्टीला आले की नवीन मुलींना तिच्याबरोबर शिकवते.

चाचांची नजर अधू होत गेली तशी ते मुलाकडे हैदराबादला राहायला निघाले. धाराशिवच्या स्टँडवर आम्ही सगळ्या जमलो. तोंडावर कौतुक करण्याची त्यांना सवय नव्हती, आणि आम्हालाही त्याची अपेक्षा उरली नव्हती. कंडक्टरनं गर्दी बघून विचारलं, "चाचा, एवढ्या लेकी तुमच्याच का काय?"

चाचा पायरीवर दांडी धरून थांबले. "व्हय, माझ्याच," ते मोठ्यानं म्हणाले. "ह्या दोघी नॅशनल खेळल्यात. आन् पाठोपाठ लई यायच्यात."

बस हलली. खिडकीतून चाचा शेजारच्या माणसाला आमच्याकडे बोट दाखवून अजून काहीतरी सांगतच होते.