सुमनआत्याची झोप

आज काजूबिया भाजताना तो करपट, गोडसर वास घरभर पसरला आणि मला कोकणातल्या आमच्या वालावल गावातली, मी दहा वर्षांची असतानाची एक दुपार आठवली.

सुमनआत्या मुंबईहून आली होती. तिचं सासर विमानतळाच्या कुंपणाला लागून. डोकं सतत दुखायचं, रक्तदाबाची गोळीही सुरू झाली होती. ओसरीवर गप्पा मारताना ती वाक्य अर्धवट सोडून थांबायची आणि जरा वेळाने पुढे बोलायची.

"सुमन, बोलता बोलता गप कित्याक रवतस गो?" बाबांनी विचारलं.

ती ओशाळून हसली. "सवय झाली रे दादा. थंय विमान गेल्याशिवाय बोललेला आयकाक येना नाय."

आम्हा मुलांना गंमत वाटली. बाबा मात्र हसले नाहीत.

जेवणानंतर आत्या ओसरीवरच आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. बाबांनी आमचा खेळ थांबवला, अंगणात भाजलेले काजू फोडत बसलेल्या बायकांना मागच्या पडवीत पाठवलं आणि स्वतः तिच्या उशाशी वारा घालत बसले. खेळ मोडला म्हणून मी रुसले होते. बहिणीचं आजारपण त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं होतं, हे मला आत्ता कुठे कळतंय.

उन्हं उतरल्यावर आत्या उठली. "लगीन झाल्यापासून अशी झोप माका लागूकच नाय रे, दादा," म्हणाली आणि रडू लागली.

बाबांनी तिचं परतीचं तिकीट मागून घेतलं आणि ते रद्द करायला सायकलवरून कुडाळला निघाले.