दुसऱ्या राज्यात ठेवलेली दमणी

आमच्या मालकीची दमणी होती आणि ती आमच्या दारात कधी उभी राहत नव्हती. हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात. हसू देत. ज्या बाईसाठी ती घेतली, तिला तीत बसायला आधी कोसभर चालत जावं लागायचं, आणि तेही जिकडं जायचं त्याच्या बरोबर उलट्या दिशेला. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, अगदी काठावर. पश्चिमेला ओढा, ओढ्यापलीकडं थोडं माळरान, आणि त्याच्या पुढं लगेच इंग्रजी हद्द, सोलापूरची. आईचं माहेर पूर्वेला, जळकोटच्या वाटेवर, अडीच कोसांवर. मी अगदी लहान असताना आई माळवदावरून, घराच्या मातीच्या छतावरून, पडली. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकतात, ती टाकताना शिडी सरकली आणि खुब्याला मार बसला. हाडवैद्यानं हाड बसवलं, पण नीट बसलं नाही. ती लंगडत का होईना चालायची, घरातलं सगळं ओढायची; पण ओझ्याच्या गाडीत बसली की चाकाच्या लोखंडी धावेचा प्रत्येक दणका तिच्या खुब्यात जायचा. एकदा तशीच माहेरी गेली आणि तिथं अंथरुणालाच खिळली. त्यानंतर तिचं माहेर बंद झालं. मामा अधूनमधून येऊन भेटून जायचा. आई त्याला वेशीपर्यंत सोडायला जायची आणि परत आल्यावर दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

मग मोठी लढाई सुरू झाली आणि शेंगांना भाव आला. आमच्या आप्पांचा भुईमूग चांगला पिकला होता. घरात पहिल्यांदाच असा विषय निघाला की दमणी घ्यावी. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी. वर छप्पर, दोन्ही बाजूंना पडदे, आत गादी. सोलापूरकडचा एक सुतार खाली पोलादी कमानी बसवून द्यायचा, त्यामुळं दणका वरपर्यंत पोचत नसे. आईनं हे मामाकडून ऐकलं होतं. तिनं आयुष्यात आप्पांकडं मागितलेली ही एकच वस्तू. पाटल्या नाहीत, लुगडी नाहीत, दमणी.

ओसरीवर आप्पा आणि माझे चुलते बसले होते. मी आईजवळ, आतल्या दाराशी.

"घ्या की दादा," चुलते म्हणाले. "पैका हाय, बैल हायत. अडलंय कुठं?"

"घ्यायला काय, उद्या घिऊ," आप्पा म्हणाले. "पन ती आपली ऱ्हाईल का, ते सांग."

चुलत्यांना उत्तर माहीत होतं, गावात सगळ्यांनाच माहीत होतं. तालुक्याचा कुणी साहेब दौऱ्यावर निघाला की गावातली गाडी धरली जायची. महसुलाचा गिरदावर असो, पोलिसांचा अमीन असो, नाहीतर त्यांच्या कचेरीतला साधा पेशकार असो. चावडीचा माणूस दारात येऊन उभा राहिला की बैल जुंपायचे आणि गाडी द्यायची. याला वेठ म्हणत. पैसे मिळत नसत. वैरण आपली, गाडीवान आपला आणि शिव्याही आपल्यालाच. एकदा ऐन उन्हाळ्यात आमची ओझ्याची गाडी अशीच गेली होती. परत आली तेव्हा एका बैलाच्या खांद्याचं कातडं सोललेलं होतं आणि गाडीबरोबर गेलेला सालगडी तापानं फणफणत होता. गावात एकानं हौसेनं घोडी घेतली, ती अमीनसाहेबांच्या नजरेत भरली. पुढं घोडी मालकाच्या दारात कमी आणि ठाण्यात जास्त, हरभरा मात्र मालकाचा. म्हणून आमच्या गावची माणसं चावडीवर जाताना नवं धोतर असलं तरी जुनं नेसून जायची. बरं दिसणं म्हणजे संकटाला आवतण. ही सवय मला लहानपणी शहाणपणाची वाटायची. आता आठवलं की डोकं फिरतं.

ओझ्याची गाडी निदान खडखडते, साहेबाला तिच्यात बसायला आवडत नाही. गादीची, कमानीची दमणी दिसली असती तर साऱ्या तालुक्याचे दौरे आमच्याच दारातून निघाले असते. आप्पांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. तेच तर चीड आणणारं आहे. माणूस मूर्ख असता तर त्याला समजावता आलं असतं.

आतून आई बोलली. वडीलधाऱ्यांसमोर ती एरवी आवाज काढत नसे, हे दीर धाकटे होते म्हणून. "म्या रोज मिरवायला मागत न्हाय. वर्सातून एकडाव माहेरी जाऊन यीन म्हंते."

त्यावर आप्पांनी जो तोडगा काढला तो आमच्याकडच्याच माणसाला सुचू शकतो. दमणी घ्यायची, पण मोगलाईत आणायची नाही. हद्दीपलीकडच्या गावात आप्पांचे मावसभाऊ राहत होते. त्यांच्या वाड्यात ती ठेवायची. इंग्रजी मुलखात वेठ नव्हती असं नाही, पण ते गाव सडकेपासून आत होतं आणि मुख्य म्हणजे आमचे साहेब तिथं जाऊन मागू शकत नव्हते. आप्पा या युक्तीवर एवढे खूश झाले की त्यांनी स्वतःच दोनदा मांडीवर थाप मारली.

म्हणजे बघा. माहेर पूर्वेला, दमणी पश्चिमेला. आईनं पहाटे उठायचं, लंगडत ओढा ओलांडायचा, माळ चढायचा, परक्या राज्यात जायचं. आमचेच बैल आमच्याबरोबर मोकळे चालायचे. तिथं दमणी जुंपायची, पडदे सोडायचे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढायच्या आणि आलेल्या वाटेनंच परत फिरायचं. नाक्यावरचा जकात घेणारा करोडगिरीवाला दर वेळी विचारायचा, गाडी नवी आहे का, विकायला नेताय का. मग आमच्याच गावाला मागच्या बाजूनं वळसा घालून, चोरासारखं, पूर्वेच्या वाटेला लागायचं. पडद्याच्या फटीतून मला आमच्या घराचं माळवद दिसायचं. मी आईला विचारलं, "माय, आपन आपल्याच घरापासून का लपतोय?" तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

अशी ती दोनदा माहेरी गेली. दोनदाच. पुढं रझाकारांच्या धामधुमीचं वर्ष आलं, हद्दीकडं कुणी फिरकेना. या सगळ्या काळात मावसभावाच्या घरच्या सुना आमच्या दमणीतून नांदायला आल्या, त्यांच्या लेकी आमच्या दमणीतून सासरी गेल्या. आईच्या खुब्यासाठी केलेल्या गादीवर कुणाची कुणाची पोरं मुतली असतील, देव जाणे. आप्पा म्हणायचे, "वस्तू सांभाळत्यात की." सांभाळत होते, खरंच. वापरून सांभाळत होते.

मग निजामाचं राज्य गेलं. गावात झेंडा लागला, साखर वाटली. आठवड्याच्या आत आप्पा हद्दीपलीकडं गेले आणि दमणी घेऊन आले. वेशीतून, भर दुपारी, घुंगरमाळा घालून. गादी फाटली होती, एका बाजूचा पडदा नव्हता, पण कमानी शाबूत होत्या. आईनं चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि पडदा नव्यानं शिवायला बसली. इतक्या वर्षांत मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मामाला मुलगा झाला. लग्नानंतर लई वर्षांनी, नवससायास करून. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि मामाला बहीण एकच, आमची आई. ती गेल्याशिवाय पाळणा हलणार नव्हता. तिनं खणाची कुंची शिवली, बाळंतविडा बांधला. त्या सकाळी दमणी आमच्या दारात, आमच्या अंगणात जुंपली गेली. आई बसली, मी तिच्याजवळ बसले. आप्पांनी कासरा हातात घेतला.

तेवढ्यात चावडीचा माणूस रस्त्यानं चालला होता. तो थांबलाही नाही. जाता जाता म्हणाला, "नवं तशीलदार येनार हायत आज. समद्यांनी चावडीवर या."

बस, एवढंच. दमणीचं नावही त्यानं काढलं नाही. पण आप्पांच्या हातातला कासरा सैल पडला. ते म्हणाले, "उतर."

"का?" आई म्हणाली.

"सायब येनार. दमणी चावडीवर नेऊन उभी करतो."

"त्यांनी मागितली का?"

"मागायच्या आदी दिलेली बरी. पयल्याच दिवशी सायबाच्या मनात भरलं पायजे."

"अवो, राज्य गेलं की त्यांचं."

"राज्य जातं," आप्पा म्हणाले. "तशील तिथंच ऱ्हाती. उतर, सांगतो ना. दुपारपातूर मोकळी झाली की जाऊ."

आई उतरली. मला वाटलं होतं ती उतरणार नाही. मी माझ्या जागी घट्ट बसून राहिले, तर तिनंच मला खाली ओढलं.

चावडीवर काय झालं ते चुलत्यांनी मला पुढं अनेकदा सांगितलं. आप्पा दमणी जुंपून लिंबाखाली उभे. बैलांना ऊन लागू नये म्हणून सावली सरकेल तशी दमणी सरकवत होते. साहेब आले दुपारी, स्वतःच्या मोटारीतून. चहा घेतला. आता आपलंच राज्य आहे, आता कुणी कुणाला घाबरायचं नाही, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आप्पांनीही वाजवल्या. मग मोटार धुरळा उडवत निघून गेली. दमणीकडं साहेबानं मान वळवूनही पाहिलं नाही.

आईनं तोवर वाट पाहिली नव्हती. ऊन डोक्यावर आलं तशी ती पायरीवरून उठली, बाळंतविड्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं, माझा हात धरला आणि पूर्वेची वाट धरली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. ती एका पायावर जोर देऊन चालत होती आणि दर काही पावलांनी तिच्या तोंडून बारीक आवाज यायचा. मला तेव्हा कुणाचा राग आला सांगू? साहेबांचा नाही. जुने साहेब आपल्या राज्याबरोबर गेले होते, नवा मोटारीतून गेला. हाताशी राहिला होता तो आमचा बाप. सगळा राग त्याच्यावरच आला आणि तो मी तिथंच ठेवला आहे.

अर्धी वाट झाली तेव्हा मागून घुंगरं ऐकू आली. आप्पांनी दमणी शेजारी आणून उभी केली.

"बस," ते म्हणाले.

आई चालत राहिली.

"अगं, बस. रिकामी हाय. सायब गेलं."

ती थांबली नाही, तिनं तिकडं पाहिलंही नाही. आप्पा दमणी तिच्या चालीनं हाकू लागले. बैलांना एवढं हळू चालायची सवय नव्हती, ते फुरफुरत होते. माझे पाय दुखत होते. गादी माझ्या हाताच्या अंतरावर होती आणि मला तीत बसायचं होतं, खोटं कशाला सांगू. मी हात सोडवायला पाहिलं तर तिनं तो आणखी आवळला. वाटेत हुरडा भाजत बसलेली माणसं उठून बघायला लागली. लंगडी बाई डोक्यावर ओझं घेऊन पायी, आणि नवरा शेजारी कमानीच्या दमणीत. आप्पांनी ते पाहिलं. मग ते खाली उतरले आणि कासरा धरून आमच्या मागून चालायला लागले. रिकामी दमणी, तिच्यापुढं आम्ही तिघं पायी. असे आम्ही दिवस मावळताना मामाच्या दारात पोचलो.

पाळणा फुलांनी सजवून ठेवलेला होता. बायका केव्हाच्या ताटकळल्या होत्या. मामा धावत बाहेर आला, त्यानं आईकडं पाहिलं, मागं दमणीकडं पाहिलं.

"अक्का, चालत का आलीस? दमणी मोडली का?"

"न्हाय रं," आई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "चांगली हाय. पन ती माज्यासाठी न्हाय, सायबासाठी हाय."

आणि ती पाय धुऊन आत गेली. पाळण्यावर वाकून तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती हसली. आप्पा अंगणातच बैल सोडत होते. मामीनं माझ्या हातात तांब्या दिला आणि बाहेर आप्पांना पाणी नेऊन दे म्हणाली. मी तो तांब्या उंबऱ्याच्या आतच ठेवला आणि आईजवळ जाऊन बसले.