मोरीबाईंचं साजूक

१९८४ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या टिपणिसांच्या फ्रिजवर एक ग्राफ लागला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर अंश. शरयूचा उजवा हात बाजूने किती वर जातो हे तिचा नवरा एकनाथ रोज ऑफिसला जाण्याआधी प्लॅस्टिकच्या कोनमापकाने मोजत आणि ग्राफवर ठिपका देत. एकनाथ विमानांच्या पंखांचे इंजिनिअर होते. पंख किती वाकतो हे ते छातीठोक सांगत. बायकोच्या बाबतीत त्यांनी तसा दावा कधी केला नव्हता. ठिपके सत्तर अंशांवर मुक्काम ठोकून बसले होते.

डॉक्टरांनी निदान केलं होतं 'फ्रोझन शोल्डर'. ते नाव ऐकून शरयूला आपला खांदा फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी ठेवल्यासारखं वाटे. व्यायाम दिले होते, तेही ती तोंड वाकडं करून करायची. पण अंबाडा घालता येईना, कोटाची बाही चढेना आणि ओट्यावरच्या सर्वांत वरच्या फळीला हात पोचेना. फळीला हात पोचत नाही याचं तिला मनातून थोडं बरंही वाटत होतं. का, ते सांगतो.

शरयूचा एक नियम होता आणि तो तिने सातासमुद्रापलीकडेही मोडला नव्हता. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. समोरच्या घरातल्या अमेरिकन बाईने अ‍ॅपल पाय आणला, तर त्याची ताटली चकल्या भरून परत गेली. चुकून पुढच्या गल्लीतल्या कुणाचा पार्सलचा डबा पोस्टमनने इथे ठेवला, तर त्यावरही चार लाडू चढले. या नियमाला अपवाद फक्त एकच होता, आणि तो वरच्या फळीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून दोन वर्षं बसला होता. शोभाचं पुरणयंत्र.

शोभा ही शरयूची अमेरिकेतली पहिली मैत्रीण. दोघी एकत्र ड्रायव्हिंग शिकल्या, एकाच झाडाला गाडी ठोकून आल्या. शरयूच्या बाळंतपणात शोभाने महिनाभर डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी पुरवली होती. सख्खी बहीण काय करेल असं केलं होतं तिने. मग दोन वर्षांपूर्वी होळी आली. महाराष्ट्र मंडळाच्या चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या शरयूने अंगावर घेतल्या आणि शोभाचं यंत्र उसनं आणलं. पुरण का कोण जाणे भरड निघालं, पोळ्या तव्यावर फुटल्या. आणि भर पंगतीत शोभाने एक तुकडा उचलून विचारलं, "शरयू, ही पोळी आहे की जिगसॉ पझल?"

चाळीस माणसं हसली. शरयूही हसली, पण त्याच रात्री तिने यंत्र अभ्र्यात घातलं. शोभाने ते मागितलं नाही, हिने दिलं नाही. आंब्याची अढी घातली तर निदान आंबे पिकतात. मनातली अढी नुसती नासते. मंडळाच्या कार्यक्रमात दोघी एकमेकींना "कशी आहेस?" विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत वळत.

त्या मार्चमधल्या सोमवारी एकनाथांनी बातमी आणली. शोभाच्या नवऱ्याला, विक्रमला, शिकागोकडे नोकरी लागली होती. नेपरव्हिलला घर घेतलंय, शनिवारी सकाळी ट्रक येतोय. "जाऊ दे, मला काय," असं शरयू म्हणाली आणि आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. मंगळवारी ठिपका पासष्टवर आला.

मंगळवारीच शेजारच्या मोरीबाईंनी तिला कुंपणापलीकडून खांद्याला काय झालं म्हणून विचारलं. मोरीबाई म्हणजे मिसेस मोरी, सत्तरीच्या, चणीने छोट्या, जन्माने इथल्याच जपानी. रोज सकाळी आपल्या दारासह अख्ख्या गल्लीचा फुटपाथ झाडायच्या. आडनाव मोरी आणि छंद साफसफाईचा, यावर एकनाथ वर्षभर हसले होते. हा विनोद त्या बाईंना इंग्रजीत समजावून सांगायची त्यांची फार इच्छा होती; शरयूने शपथ घालून थांबवलं होतं.

मोरीबाई म्हणाल्या की त्या तेनरिक्यो नावाच्या जपानी धर्मपंथाच्या आहेत आणि शरयूची हरकत नसेल तर तिच्या खांद्याला त्या 'साझुके' देतील. शरयूने ऐकलं 'साजूक'. तिला भरून आलं. दुखऱ्या सांध्याला साजूक तूप चोळावं हे जपान्यांनाही ठाऊक असावं, आणि शब्दसुद्धा तोच. पण या एकट्या म्हातारीने कुठे लोणी कढवत बसावं? तिने लगेच दुकानातून बिनमिठाचं लोणी आणलं, डाव्या हाताने ढवळून रवाळ तूप कढवलं आणि बुधवारी मोरीबाई आल्या तेव्हा कोमट बरणी त्यांच्यापुढे ठेवून, ब्लाउजची बाही वर करून सज्ज बसली.

मोरीबाईंनी बरणीकडे पाहिलं, शरयूकडे पाहिलं, "थँक यू" म्हणून बरणी आपल्या पिशवीत ठेवली. शरयूला वाटलं, बाई विसरभोळी दिसते.

मग हळूहळू उलगडा झाला. साझुके म्हणजे देवाने दिलेलं एक दान, दुसऱ्यासाठी करायची प्रार्थना. जपानमध्ये तेनरी गावी जाऊन, एकच प्रवचन नऊ वेळा ऐकून मोरीबाईंनी ते घेतलं होतं. ते स्वतःच्या दुखण्यावर चालत नाही, फक्त दुसऱ्याच्या. डॉक्टर सोडायचा नाही, व्यायामही सोडायचे नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितलं. शरयूने तुपाची गंमत सांगितली तेव्हा मोरीबाई तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग त्यांनी शिकवण सांगितली. माणूस मुळात वाईट नसतो. मनावर धूळ बसते, आणि झाडली नाही तर साचते. आठ प्रकारची धूळ : कंजूषपणा, हाव, द्वेष, आपलीच माया, आकस, राग, लोभ आणि गर्व. शरयू भाविकपणे ऐकत होती आणि प्रत्येक धुळीला मनातल्या मनात माणूस नेमत होती. कंजूषपणा एकनाथांना गेला. हाव मंडळाच्या खजिनदाराला. गर्व तर शोभासाठी राखूनच ठेवला होता. पण आकसापाशी मात्र कुणाचं नाव सुचेना. इतकं परिचित काहीतरी होतं ते, आणि खांद्यात सणकन कळ आली.

"आकस तुम्हाला कधी आला?" तिने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

मोरीबाई म्हणाल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, जपानी वंशाचे म्हणून, अमेरिकन सरकारने त्यांना आईवडिलांसकट उचलून छावणीत नेलं. इथून दोन मैलांवर त्यांचं स्ट्रॉबेरीचं शेत होतं, तिथे आता दुकानं आहेत. चाळीस वर्षं रोज झाडतात, रोज थोडी धूळ येतेच. धुळीचं तसंच असतं, म्हणून तर झाडू रोज लागतो. शरयूला आपल्या जिगसॉ पझलची एकदम लाज वाटली.

"आणि हा देह आपला नाही," मोरीबाई म्हणाल्या. "देवाने वापरायला दिलेली उसनी वस्तू आहे. आपलं फक्त मन."

"उसना?" शरयू म्हणाली. "मग परत करताना रिकामा देऊ नये."

 साठ वर्षं मोरीबाई ही शिकवण ऐकत आल्या होत्या, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी साधेपणाने विचारलं, "तुझ्याकडे आणखी कुणाचं काय उसनं आहे?"

शरयूची नजर वरच्या फळीकडे गेली. मोरीबाईंनी चार टाळ्या वाजवल्या, "अशिकी हाराइ, तासुके तामाए," म्हणजे वाईट झाडून टाक, आम्हाला तार, असं म्हणत हातांच्या मुद्रा केल्या आणि तीन वेळा खांद्यावरून हात फिरवला. असं तीनदा. हात कोरडा, हलका होता. शरयू पहिल्या खेपेला डोळे किलकिले करून बघत होती. तिसऱ्या खेपेला मुकाट्याने रडत होती.

गुरुवारी ठिपका बहात्तरवर गेला. एकनाथ म्हणाले, मोजण्यातली चूक असू शकते.

शनिवारी सकाळी शरयू स्टुलावर चढली. एकनाथ धावत आले, म्हणाले मी काढतो. "तुम्ही नका. हे माझं मलाच काढायला हवं," ती म्हणाली. उजवा हात पोचला नाही. डाव्या हाताने अभ्रा ओढला आणि यंत्र खाली घेतलं. दोन वर्षांची धूळ तिच्या डोक्यावर पडली, खरीखुरी. यंत्र घासून पुसून तिने आत ताज्या कढवलेल्या साजूक तुपाची दुसरी बरणी ठेवली. रिकामं देणं शक्यच नव्हतं.

शोभाच्या दारात ट्रक उभा होता, घरभर खोकी. शोभाने दार उघडलं, यंत्र पाहिलं, आतली बरणी पाहिली. आणि ती तशीच आत निघून गेली. शरयूला वाटलं, संपलं. पण ती परत आली, हातात वर्तमानपत्राची पुडी. आत यंत्राची बारीक जाळी होती.

"तुला यंत्र दिलं तेव्हा ही माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली होती," शोभा म्हणाली. "होळीच्या दुसऱ्या दिवशी सापडली. पोळ्या माझ्यामुळे फुटल्या, शरयू. सांगायला तोंड नव्हतं."

दोन वर्षं! शरयूच्या टाळूपर्यंत राग चढला. सातवी धूळ की सहावी, ते आठवत बसली, आणि तेवढ्यात तो उतरला.

"मी तरी कुठे यंत्र दिलं?" ती म्हणाली.

मग दोघी एका खोक्यावर बसून रडल्या. खोक्यावर 'काचसामान' लिहिलेलं होतं हे विक्रमने ओरडून सांगेपर्यंत. निघताना शरयूने यंत्र पुढे केलं. शोभाने बरणी काढून घेतली आणि यंत्र परत तिच्या कुशीत दिलं.

"यंत्र तू ठेव," ती म्हणाली. "जाळी मी नेते."

म्हणजे यापुढे पुरण करायचं तर दोघींपैकी एकीला विमानात बसणं भाग होतं. ट्रकमागून शोभाची गाडी वळेपर्यंत शरयू फुटपाथवर हात हलवत राहिली. यंत्र डाव्या कडेवर होतं, म्हणजे हलत होता तो उजवा हात. एकनाथांनी खिशातलं कोनमापक चाचपलं, पण काढलं नाही.