अप्पा नसलेले फोटो

आम्ही आमचं गाव, पिशोर, सोडलं तेव्हा जीपमध्ये सगळ्यात चांगली जागा आईच्या शिलाई मशीनला मिळाली होती. तिला धक्का लागू नये म्हणून मला तिच्यापुढे गाठोड्यावर टेकवून बसवलं होतं. म्हणजे आमच्या स्थलांतरात माझी गणती माणसांत नव्हती, पॅकिंगमध्ये होती. तालुक्याला कन्नडपर्यंत जीप, तिथून एसटी, मशीन टपावर आणि आई दर स्टॉपला खिडकीतून मान बाहेर काढून वर बघणार. अप्पांना वाळूजच्या एका कारखान्यात काम लागलं होतं आणि बजाजनगरात दोन खोल्या मिळाल्या होत्या. अप्पा म्हणजे माझे वडील.

निघताना सरूआत्या, अप्पांची थोरली बहीण, जीपच्या मागे मागे चालत आली. तिला गावातच दिलेलं, त्यामुळे ती कुठे जाणार नव्हती. माझ्या खिशात तिने भाजलेल्या शेंगा कोंबल्या आणि अप्पांना म्हणाली, "दत्त्या, लेकराचा फोटो काढून धाडत जाय बरं. शहरात लोकं वाळतेत म्हनं."

अप्पांना यावर काही सुचलं नाही. बोलायचं सुचलं नाही की ते माझा कान धरायचे. ओढायचे नाहीत. पाळी दोन बोटांत नुसती धरून ठेवायची, जसा काही मी पळून जाणारी शेळी आहे. जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत माझा कान त्यांच्या हातात होता.

हे सगळं लिहितोय ते तुमच्यासाठी, जे तिकडे राहिलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे विमानतळावर काट्यावरची बॅग उघडून, लोणच्याची बरणी की पुस्तकं, असा निकाल लावून निघालात. मी लोणचं ठेवलं. पुस्तकं वाचणारा माणूस आहे असं मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे अडलं नाही.

लोणच्यासोबत एक अल्बम आला. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, आणि सरूआत्या तेव्हाही 'शहर' म्हणायची, आजही 'शहर'च म्हणते. तर तिथे त्या काळी एक खासगी बाग होती. झुकझुक गाडी, आकाशपाळणा, माणसाला भोपळा करून दाखवणारे आरसे, आणि गबरू. गबरू म्हणजे अस्वल. मालकाने कुठून तरी तपकिरी केसाळ पोशाख पैदा केला होता. डोकं रांजणाएवढं, तोंड कायमचं उघडं, गळ्यात लाल टाय. गबरूसोबत उभं राहून फोटो काढायला पोरांची झुंबड उडायची. अडचण एकच होती: मराठवाड्याच्या उन्हात त्या पोशाखात माणूस टिकत नव्हता. एक जण तर जेवणाच्या सुट्टीत पोशाख झाडाला लटकवून जो गेला तो आलाच नाही.

मग अप्पा आत शिरले. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी. "भट्टीखात्यात काम करतो, मला काय ऊन लागतंय," म्हणाले. त्याबद्दल थोडे पैसे मिळत, पण खरी चैन वेगळीच होती: आम्हाला बागेत फुकट प्रवेश आणि अधूनमधून गबरूसोबत एक फोटो.

गबरूला दोन नियम होते. बोलायचं नाही, आणि मुलांसमोर डोकं काढायचं नाही. बाकीच्या पोरांना यात काहीच खटकत नव्हतं. मी मात्र, आत आपला बाप आहे हे पक्कं माहीत असलेला एकटा पोरगा, दर वेळी गळा काढायचो. मला ते डोकं काढून हवं असायचं. फोटोग्राफर रफिकभाई कॅमेऱ्याच्या मागून ओरडायचे, "अरे बाबू, कायकू रोता? गबरू कुछ नई करता! देख, हात मिला रा!" आणि गबरू हात मिळवायचा नाही. तो केसाळ पंजा सावकाश माझ्या कानाकडे यायचा. जाड हातमोज्यात कानाची पाळी सापडता सापडायची नाही, मग तो अख्खा कानच मुठीत धरून उभा राहायचा.

अल्बममधल्या प्रत्येक फोटोत हेच आहे. अस्वल हसतंय, मी रडतोय, माझा कान पंजात. आणि डाव्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात, त्यात पाण्याचा पेला. तो आईचा. गबरूच्या उघड्या तोंडातून आत नळी सरकवली की अप्पांच्या ओठांपर्यंत पोचते हा शोध तिचा. कोल्ड्रिंकची नळी ती धुऊन, पदरात पुसून, पिशवीत जपून ठेवायची. रफिकभाई म्हणायचे, "भाभी, फोटो में से हटो ना." ती हटायची, हात राहायचा. मुलं अचंब्याने बघायची: अस्वलाची आई त्याला पाणी पाजतेय.

फोटो आठवडी बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पिशोरला जायचा आणि त्याच माणसाबरोबर आत्याचा निरोप उलटा यायचा: "पोरगं रडतंय का? आन् फोटोत दत्त्या कुठाय?"

आता गावाला खरं सांगायची सोय नव्हती. पिशोरला तेव्हा दरवेशी अस्वल घेऊन यायचा, वेसण घातलेलं. अप्पा म्हणायचे, "उद्या पारावर बसलेले म्हणतील, दत्त्याला जमीन नको झाली, शहरात जाऊन अस्वल झाला. कोन्त्या दरवेशानं धरला रे?" माझ्या दंडाला तर आत्याने स्वतः अस्वलाच्या केसाचा ताईत बांधून दिला होता, भीती वाटू नये म्हणून. घरात अख्खं अस्वल असताना मी एक केस बांधून हिंडत होतो.

म्हणून ठरलेलं उत्तर जायचं: "दत्ता फोटो काढत व्हता." कॅमेरा आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हता, पण आत्याने पुढे विचारलं नाही. पुढचा फोटो गेला की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर.

बाग पुढे बंद पडली. तिथे आता मंगल कार्यालय आहे. मी शिकलो, नोकरी लागली, आणि एक दिवस बजाजनगरच्या त्याच दोन खोल्यांतून, ज्यांच्या तोवर चार झाल्या होत्या, अमेरिकेला निघालो. रिक्षात बसल्यावर अप्पांना काही सुचलं नाही. मी बत्तीस वर्षांचा, सुटाबुटातला, आणि माझा कान त्यांच्या हातात. शेजारचे बघत होते. आईने विचारलं, "पाणी घेतलंस का?"

टेक्सासात आता मला चौदा वर्षं झाली. घर आहे, कर्ज आहे, लॉन आहे. लॉनचं गवत माणूस लावून कापून घेताना, ज्याने गवत विकत घेऊन बैलांना घातलं त्याच्या पोराने ते कापून फेकायला पैसे द्यावेत, हा विचार येतो आणि मग मी तो कापलेल्या गवताच्या पिशवीबरोबर गेटबाहेरच ठेवतो. मुलगी ईरा इथलीच. तिचं मराठी छान आहे, फक्त ते ऐकताना खाली सबटायटल असावं असं वाटतं.

चार वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या फोटोला हार घालायची वेळ आली तेव्हा निदान फोटो होता. परत आल्यावर मी अल्बम काढून बसलो आणि पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं. माझा आणि अप्पांचा चेहरा एकाच वेळी दिसतो असा एकही फोटो आमच्याकडे नाही. लहानपणीच्या सगळ्यांत ते आतमध्ये. लग्नातल्या फोटोत फेटा त्यांच्या डोळ्यांवर उतरलेला. नंतर मोबाइल आले, पण सेल्फीत अप्पा 'तुमचं चालू द्या' म्हणत मागे सरकतात, आणि मिळतं ते त्यांचं अर्धं कपाळ. ते आता सत्त्याहत्तरचे. हे असंच राहिलं तर, असा विचार मनात यायचा आणि मी उठून चहा करायचो.

या उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी आले. मी ठरवूनच ठेवलं होतं. इथून गाडीने पाच तासांवर एक मोठा थीम पार्क आहे. तिथे राजपुत्र आहेत, बोलणारे ससे आहेत, पण मी वेबसाइट चाळून एक गोष्ट पक्की केली होती: तिथे अस्वल आहे. गबरूसारखा लाल टाय नव्हता, निळी टोपी होती. चालवून घेऊ म्हटलं. अस्वलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अप्पा, तोंड उघडं, डोकं उघडं. बस.

रांग लांबलचक होती. ऊन अगदी आपल्याकडच्या वैशाखाचं. पुढची मुलं अस्वलाला मिठ्या मारत होती आणि मी अप्पांची कॉलर नीट करत होतो, जसा मी त्यांना मुलगी बघायला नेत होतो. अप्पा मात्र अस्वलाकडे टक लावून बघत होते. डावा पाय, उजवा पाय, असं ते अस्वल अंग तोलत होतं.

"पाय भाजायलेत त्याचे," अप्पा म्हणाले. "तळवा पातळ हाय. किती वेळ झाला उभाय?"

"अप्पा, त्यांच्या पाळ्या असतात. आत पंखा पण असतो म्हणे."

"पंख्यानं तहान भागती का?"

आमची पाळी आली. फोटो काढणारी पोरगी म्हणाली, "स्माइल!" मी हसलो. आयुष्यात पहिल्यांदा अस्वलाशेजारी हसलो. आणि शेजारी बघतो तो अप्पा कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे. ईराच्या हातातली पाण्याची बाटली, तिच्यातली नळी, आणि अप्पा ती नळी अस्वलाच्या तोंडातून आत सरकवताहेत. "पी, बाबा, पी. लाजू नको."

पिवळ्या टी-शर्टातला एक उंच माणूस "सर, सर, प्लीज!" करत धावला. मी दोन्ही हात जोडून, इंग्रजीत माफी मागत, मधेच "ते स्वतः अस्वल होते" हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. हे वाक्य कुठल्याच भाषेत नीट उतरत नाही. त्याने मान अशी हलवली की आमच्या इन्शुरन्समध्ये डोक्यावरचे उपचार बसतात का, हे मला आठवून पाहावं लागलं. नियम तिथेही तेच होते, अस्वलाने बोलायचं नव्हतं. पण निघताना त्या अस्वलाने छातीवर पंजा ठेवून अप्पांना वाकून नमस्कार केला. आत कोण होतं, मुलगा की मुलगी, देव जाणे. पाणी पोचलं होतं का, हे विचारायची सोय नव्हती.

बाहेर पडताना फोटो घेतला. चकचकीत, फ्रेमसकट. अस्वल हसतंय. मी हसतोय. आणि मध्ये अप्पांचं टक्कल, मागून.

गाडीत अप्पांनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "झ्याक आलाय. तू रडला नाहीस." मग जरा वेळाने, "तुझी आई असती तर तिनं हटकून नळी नीट बसवली असती."



दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला बसलो होतो. तिकडे पिशोरला संध्याकाळ. फोटो मी रात्रीच पाठवला होता आणि आत्याच्या नातवाने तिला फोन लावून दिला. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, पण आवाज जीपच्या मागे चालणाऱ्या बाईचाच.

"फोटो पाह्यला रे. पर त्यात दत्त्या कुठाय?"

पाठीवरून तिला ओळखू आलं नसावं, असं मला वाटलं. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी हातानेच खूण केली, सांग नेहमीचं.

"आत्या, अप्पा फोटो काढत होते."

 मग आत्या म्हणाली, "व्हय का? मंग ह्या बारीला अस्वलात कोन हाय?"

अप्पांच्या हातातला पोह्यांनी भरलेला चमचा तसाच राहिला.

"आक्का," ते फोनवर वाकून म्हणाले, "तुला... कधीपासून?"

"पहिल्या फोटोपासून, मुडद्या! कोन्तं अस्वल लेकराचा कान धरून उभं ऱ्हातं? ती खोड कुनाची हाय, मला ठाव नाय का? आन् कडंला तुझ्या बायकोचा हात. अस्वलाला पानी पाजाया ती काय येडी हाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगत नव्हतास. म्हनलं, लपतंय तर लपू द्या. मी आपली फोटो बघून घ्यायची. अस्वल हाय ना, मंग दत्त्या ठीक हाय."

अप्पा हसायला लागले. आधी आवाजच नाही, नुसते खांदे. मग डोळ्यांतून पाणी. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आणि त्यांना काही बोलायचं सुचेना, तेव्हा त्यांचा हात टेबलावरून आला आणि माझा कान त्यांनी धरला. सेहेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडू लागलेल्या, कर्ज फेडणाऱ्या माणसाचा कान.

तेवढ्यात समोर बसलेल्या ईराने फोन उचलला आणि फोटो काढला.

हलला आहे तो. पोह्यांची कढई अर्धी आली आहे, माझ्या दातात कोथिंबीर आहे. पण दोन्ही चेहरे आहेत. पूर्ण, उघडे, एकाच वेळी. चकचकीत फ्रेममधला काढून त्यात मी हा लावला आहे, फ्रिजशेजारी, येता-जाता दिसेल असा.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी पूर्वी अडखळायचो. पिशोर म्हणू, बजाजनगर म्हणू, की पिनकोडऐवजी झिपकोड असलेलं हे. आता वाटतं, फोटोत जो माणूस दिसत नाही त्याची जिथून चौकशी होते, ते घर. ते कुठेही असो, तिथे कुणीतरी डोळे बारीक करून फोटोच्या कडा तपासत असतं.

हललेला का होईना, आमचा तो फोटो त्याच दिवशी आत्याला पाठवला. तासाभरात नातवाने तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "आता कसं! दोघंबी दिसले. पर ईरा कुठाय? लेकरू दिसंना."

ईराने फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला, आणि आपल्या सबटायटलवाल्या मराठीत सावकाश सांगितलं, "आत्याआजी, मी फोटो काढत होते."

आमच्या घराण्यात हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं.